अष्टमीचं पाणी

कुठल्याही नव्या इमारतीत शिरलं की काकी आधी वाकायच्या. भिंत जिथे जमिनीला मिळते, तिथे उजव्या हाताचं बोट घासायच्या आणि ते जिभेला लावायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई वास्तूला नमस्कार करतेय. मुलुंडहून आलेल्या एका जोडप्याने तर ते पाहून चपला दाराबाहेर काढल्या आणि सिमेंटच्या धुळीत अनवाणी तीन खोल्या हिंडले. काकींनी त्यांना अडवलं नाही. बोट चाटून झाल्यावर काकींचं तोंड किंचित वाकडं झालं, तर मी समजायचो की दोन वर्षांत या भिंतीचे पोपडे निघणार. गिऱ्हाईक तोवर खिडकीशी उभं राहून समोरच्या खाडीचे फोटो काढत असायचं.

"काय लागतं जिभेला?" मी एकदा विचारलं.

"मीठ," काकी म्हणाल्या. "जमीन इकली तरी मीठ जात नाय, बाला."

मी पनवेलला एका वकिलांच्या ऑफिसात कामाला आहे. फ्लॅटच्या खरेदीविक्रीचे करारनामे टाइप करायचे, रजिस्ट्रारकडे नंबर लावायचा, पक्षकारांना पाणी विचारायचं, असं माझं काम. त्यामुळे जागांचे एजंट मी पोत्याने पाहिलेत. तुम्हीही पाहिले असतील. हातात कडं, अंगाला अत्तर, दोन फोन आणि 'सर, शेवटचाच राहिलाय' हे वाक्य. त्या घोळक्यात काकी म्हणजे फुलाफुलांची साडी, कमरेला पानाची पिशवी आणि पायात रबरी चपला. वय साठीच्या पुढे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. गावठाणात उंचवट्यावर त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं आणि तिथून खाली, खाडीपर्यंत, एकेकाळी त्यांच्या भावकीची मिठागरं आणि भाताचं खाजण, म्हणजे खारी शेतजमीन, होती. ते खाजण भरावाखाली गेलं आणि त्याच्यावर मी आता राहतो ती इमारत उभी राहिली. जमीन गेली, पण जमिनीची माहिती काकींच्या डोक्यात राहिली, आणि बिल्डरने ती माहिती कामाला लावली. गावातली बाई फ्लॅट दाखवते म्हटल्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास चटकन बसतो.

काकींचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी फोन करून विचारलं, रविवारी येऊ का, तर त्या म्हणायच्या, "रईवार नको. अष्टमीला येवाचा. संध्याकालचा."

"आणि अमावस्येला?"

"अवसेला घर बगतात काय कुनी? पुनवेला पन नाय. आमच्यात नसते."

लोकांना हे फार पटायचं. एवढ्या रीतिरिवाजाची बाई आहे म्हणजे फसवणार नाही, असा आपला हिशेब. मीही त्याच हिशेबातला. अष्टमीच्या संध्याकाळी सहाला गच्चीवर गेलात तर खाडी काठोकाठ भरलेली, पाणी सायीसारखं स्थिर, पलीकडे तिवरांच्या झाडीवर उन्हाची शेवटची तिरीप, वारा असा की बायकांच्या ओढण्या उडाव्यात. गिऱ्हाईक तिथेच टोकन द्यायचं. काकी बाजूला उभ्या राहून पान लावायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत.

मला स्वतःला घर घ्यायचं होतं ते आईसाठी. आम्ही नवीन पनवेलला भाड्याने राहायचो. आईचे गुडघे गेलेले आणि लिफ्टची तिला जबरदस्त भीती. डबा बंद झाला की जीव घाबरतो, म्हणायची. म्हणून मला तळमजला हवा होता. या इमारतीला पुढे गाड्यांची मोकळी जागा आणि मागच्या अंगाला तळमजल्याचा एकच फ्लॅट होता, पुढे चार पावलांचं अंगण असलेला. मी काकींना म्हटलं, "हा मला द्या. आपल्या माणसाला जरा सवलतीत."

काकींनी पान तोंडात सरकवलं. "तुला तिसरा माला."

"काकी, आईचे गुडघे..."

"गुडघं दुखलं तरी चालंल. तिसरा माला घे. खाली तुज्यासाठी नाय."

मला राग आला. मला वाटलं, कुणीतरी जास्त पैशाचं गिऱ्हाईक धरून ठेवलंय. आईला मी तसं सांगितलंही. पण त्या भागात दुसरं काही परवडणारं नव्हतं, तेव्हा घेतला तिसरा मजला. आई पहिले दोन महिने जिन्याने कण्हत चढायची आणि प्रत्येक पायरीला काकींचा उद्धार करायची. मग लिफ्टमध्ये डोळे मिटून रामरक्षा म्हणायला शिकली. रामरक्षेच्या दुसऱ्या ओळीला तिसरा मजला येतो, हे तिनेच मला सांगितलं.

तळमजल्याचं घर काही महिन्यांनी गेलं. घेणाऱ्या बाई मुंबईतल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका होत्या. एकट्याच. जन्मभर चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहिल्या होत्या, आणि त्यांची एकच इच्छा होती, दारात मातीत लावलेलं एक मोगऱ्याचं झाड असावं. निवृत्तीचं होतं नव्हतं ते सगळं त्यांनी या घरात घातलं. करारनामा मीच टाइप केला. सही करताना बाईंनी माझ्या दोन चुका काढल्या, एक क्षेत्रफळातली आणि एक स्वल्पविरामाची. काकी समोरच बसल्या होत्या. एरवी सही झाली की त्या पेढा तोंडात टाकायच्या. त्या दिवशी त्यांनी पेढा पिशवीत ठेवला, नंतर खाते म्हणाल्या.

त्यानंतरच्या अमावस्येला मी दुपारी घरी आलो होतो, आईचं औषध द्यायला. स्वच्छ ऊन. आठवडाभर पावसाचा टिपूस नाही. फाटकातून आत आलो तर गाड्यांच्या जागेत पाणी. कुठे पाइप फुटला म्हणावा तर आवाज नाही. गटाराच्या झाकणाच्या भोकांमधून ते वर येत होतं, गुपचूप, बुडबुडासुद्धा न करता. वॉचमनने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते आणि तो मोबाइल बघत होता. त्याला ते नेहमीचं होतं.

मागच्या खांबाशी काकी उभ्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाणी घोट्याच्या वर. त्यांनी चुन्याची डबी उघडली, पाणी जिथवर चढलं होतं तिथे खांबावर बोटाने एक आडवी रेघ ओढली. तिच्या खाली तशाच अनेक रेघा होत्या, जुन्या, पुसट झालेल्या. सगळ्यांत वरच्या जुन्या रेघेपासून आजची दोन बोटं वर होती.

"हे दर अवसेला येतं?"

"अवसेला नि पुनवेला. बारा वाजता. तास-दीड तास ऱ्हातं नि जातं." काकींनी बाईंच्या उंबऱ्याकडे पाहिलं. उंबरा अजून कोरडा होता, जवळजवळ हातभर वर. "कुनाला बोलू नको, बाला."

तेव्हा मला अष्टमी कळली. खाडीकाठच्या जुन्या माणसांचा साधा हिशेब असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा. त्या दिवशी भरती सगळ्यांत लहान आणि बरोबर सूर्यास्ताला. पाणी दिसायला भरलेलं, पण वर चढायची ताकद नसलेलं. आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेही टळटळीत दुपारी, जेव्हा घर बघायला आलेला माणूस खाली बघणारच. काकींनी आम्हा सगळ्यांना खाडीची एकच बाजू दाखवली होती.

मी बोललो का कुणाला? नाही बोललो. मी स्वतःला सांगितलं, पाणी तासाभरात जातं. मी स्वतःला हेही सांगितलं, की आपला फ्लॅट उद्या विकायचा झाला तर? मी काही एकटा नव्हतो. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की इमारतीतल्या साठ घरांपैकी बहुतेकांना हे ठाऊक होतं. अमावस्येच्या सकाळी गाड्या आपोआप बाहेरच्या रस्त्यावर जायच्या. जिन्यात कुणी भेटलं तर 'आज ऊन फार आहे' एवढंच बोलायचं. एवढी सभ्यपणे गप्प बसलेली इमारत मी दुसरी पाहिली नाही.

काकी मात्र बदलल्या. दर अवसेला आणि पुनवेला सकाळी दहाच्या सुमाराला त्या बाईंच्या दारात हजर व्हायच्या. "चला बाई, आज आमच्याकडं भाकर खावाला." किंवा, "चला, उरणला नवीन मासली आली हाय." बाई कोकणस्थ, मासळीचा वास आला तरी नाकाला पदर लावायच्या, पण जायच्या. दुपारी तीनला काकी त्यांना परत आणून सोडायच्या. तोवर गाड्यांच्या जागेत फक्त ओल उरलेली असायची. काकींनी बाईंच्या पलंगाच्या पायांखाली विटा लावून दिल्या, झाडायला सोपं जातं म्हणून. फ्रीज फळीवर चढवला, उंदीर येतात म्हणून. मोगरा कुंडीत हलवला, जमीन खारी आहे म्हणून. हे शेवटचं कारण तेवढं खरं होतं.

बाईंना करमायला लागलं होतं. एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात बसलो असताना काकी त्यांना भरतीचा हिशेब सांगत होत्या. बाईंचा चेहरा उजळला.

"अहो, ही तर पाऊणकी! एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. आम्ही शाळेत घोकलीय. पुढे कुठेच कामाला आली नाही."

"आमच्यात पोरीबालींना पन येते," काकी म्हणाल्या. "पानी रिवाज मोडत नाय, बाई. मानसं मोडतील."

मग दोघी अंगणात बसून एकेक तिथी घेऊन म्हणत राहिल्या. चार पाऊण तीन. आठ पाऊण सहा. बाई पंधराव्या तिथीपर्यंत गेल्या, 'पंधरा पाऊण सव्वाअकरा' म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. खरी भरती बारापर्यंत भरत जाते, असं काकींनी आधीच सांगितलं होतं. बाईंनी काकींकडे एकदा पाहिलं, मग चहा टाकायला आत गेल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काकींनाही वाटलं नसावं.

मी एकदाच काकींना विचारलं, की बाईंना ते घर का दिलंत. मला तिसरा मजला देताना तुमची जीभ चालली, मग त्यांच्या वेळी का नाही चालली?

काकी सुपारी कातरत होत्या. "खालचं जात नवतं. बिल्डर बोलला, हे इक, मंग पुढच्या बिल्डिंगीचं काम. मी रेघा मोजल्या. वरसाला दोन बोटं. उंबऱ्याला यायला धा वरसं लागतील, असं बगितलं." त्यांनी कातरलेली सुपारी डबीत टाकली. "मंग तिचं वय बगितलं."

मला क्षणभर कळलं नाही. 

"म्हणजे तोवर बाई..."

"तोवर ती नसल, असं धरलं. तवा माजी वलख नवती रे तिची." एवढं बोलून त्यांनी अडकित्ता मिटला.

वैशाखातली अष्टमी होती. तीन दिवस खाडीकडून वारा सुटलेला. काकी गच्चीवर एका ठाण्याच्या कुटुंबाला घेऊन गेल्या होत्या, शेजारच्या नव्या इमारतीतलं घर दाखवायला आमचीच गच्ची वापरायचे. मीही वर होतो, आईच्या सांडग्यांचं कापड गुंडाळायला. सहा वाजले, खाडी भरली. पण भरून थांबली नाही. ठाण्याचे गृहस्थ म्हणाले, "वा, काय पाणी आहे!" मी काकींकडे पाहिलं. त्या कठड्याला टेकून बांधाकडे बघत होत्या. खाडी आणि आमच्यामधे, तिवरांच्या पलीकडे, मातीचा एक जुना बांध आहे. त्याला त्या बाहेरकाठा म्हणायच्या. त्या बांधाला एके ठिकाणी खांड पडली होती, म्हणजे भगदाड, आणि तिथून पाणी आत ओतत होतं.

"आज अष्टमी हाय," काकी म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग त्या जिन्याकडे धावल्या.

मी मागोमाग. खाली पोचलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं आणि त्यात कुणाची तरी चप्पल तरंगत होती. वॉचमनने मेन स्विच पाडला होता, तेवढी त्याची मेहेरबानी. बाईंचं दार पाण्याच्या जोराने उघडत नव्हतं. मी आणि वॉचमनने खांदा लावला. आत बाई विटांवरच्या पलंगावर उभ्या होत्या, एका हाताने पंख्याची दांडी धरून. दुसऱ्या हातात कागदपत्रांची पिशवी छातीशी धरलेली. मी टाइप केलेला करारनामा त्यातच होता. काकी पाण्यातून त्यांच्यापर्यंत गेल्या आणि त्यांनी बाईंचे पाय धरले. म्हणजे खाली उतरवायला धरले असं मला आधी वाटलं. पण त्या नुसतेच धरून उभ्या राहिल्या.

"मना म्हाईत होतं, बाई. पयल्यापासून."

बाई वरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "काकी, मी छत्तीस वर्षं गणित शिकवलंय. दर पंधराव्या तिथीला बारा वाजता तुम्ही मला का बाहेर नेता, हे मला केव्हाच कळलं."

"मंग बोलला का नाय?"

"बोलून कुठे जाणार होते? आणि तुम्ही यायच्या बंद झाला असतात."

माझी आई जिन्यात उभी राहून हे ऐकत होती. ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.

त्या दिवसापासून बाई काकींच्या घरी राहिल्या. आठवड्याने काकी ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसल्या. "बाला, अदलाबदलीचा दस्त कर. माजं गावठाणातलं घर बाईंच्या नावावर. बाईंचं खालचं माज्या."

बाई शेजारीच होत्या. "मी तुमचं घर घेणार नाही."

"घेवाला देत नाय. बदलते."

"आणि त्या पाण्यात तुम्ही राहणार?"

"पान्याला वलखते मी."

बाईंनी खूप वाद घातला. काकींनी एकच धरून ठेवलं, की कागद झाला नाही तर माझे पुतणे उद्या तुम्हाला बाहेर काढतील. शेवटी बाईंनी अट घातली, रात्रीचं जेवण काकींनी त्यांच्याकडे करायचं. ती अट दस्तात घालता येईना, तेव्हा बाईंनी ती काकींच्या हातावर हात मारून घेतली. पुतण्यांनी आरडाओरडा केला, पण काकींचं घर काकींच्या नावावर होतं.

काकी खाली राहायला आल्या आणि त्यांनी फ्लॅट दाखवायचं बंद केलं. आता सगळं लक्ष खांडीवर. मला त्या सांगायच्या, की पूर्वी बांधाला खांड पडली की गावात हाक जायची आणि प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर यायचा. चिखल काढायचा, घमेल्यांची रांग लावायची, पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची. ज्याच्या घरातून माणूस आला नाही, त्याच्या घरचं पाणी वर्षभर कुणी प्यायचं नाही. काकी लग्न होऊन आल्या त्याच वर्षी नवऱ्याला ताप होता म्हणून त्या स्वतः गेल्या होत्या, अंगाची हळद उतरली नव्हती तेव्हा. जमिनी विकल्या गेल्या तशी ती हाक बंद झाली. बांध कुणाचाच राहिला नाही.

सोसायटीची सभा भरली, गच्चीवर, खुर्च्या टाकून. काकी आता सभासद होत्या. उभ्या राहून त्या म्हणाल्या, "घरामागं एक मानूस द्या. साठ घरं हायत. दोन ओहोटीत खांड बुजल. मी दावते कशी बुजवाची."

मग एकाने विचारलं, हे काम बाहेर नाही का देता येणार? दुसरा म्हणाला, कांदळवन आहे, परवानगी लागेल, आधी अर्ज करू. तिसरा म्हणाला, न्हावा शेव्याला माझी शिफ्ट असते, मला जमणार नाही. पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ हसत म्हणाले, "काकी, आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो हो." सगळे हसले. मीही हसलो, ते हसणं मला अजून ऐकू येतं. काकी उभ्याच होत्या. ठराव झाला, की संबंधित खात्याला पत्र द्यावं. पत्र मी टाइप केलं, व्यवस्थित, एकही चूक न करता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकी एकट्या जायला लागल्या. ओहोटी लागली की फावडं आणि घमेलं घेऊन तिवरांमधून बांधावर. गच्चीवरून ठिपक्याएवढ्या दिसायच्या. एक घमेलं चिखल, दहा पावलं, टाकायचं, परत. भरती आली की त्यातलं निम्मं धुऊन न्यायची. पुन्हा दुसऱ्या दिवशी.

एका रविवारी मला राहवलं नाही, मी गेलो. गुडघाभर चिखल. पाय काढला तर चप्पल आत राहते, चप्पल काढायला जावं तर हात आत जातो. पाऊण तासात तळहाताला फोड आले. काकी माझ्याकडे बघून पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. "तू टाईपच कर, बाला." मी उठलो तेव्हा त्यांनी माझे चिखलाचे हात आपल्या पदराने पुसले. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. पुढच्या रविवारी ऑफिसचं काम होतं. त्याच्या पुढच्या रविवारी काम नव्हतं, तरी मी गेलो नाही.

खांड मात्र खरंच लहान होत चालली होती. आई खिडकीतून बघून सांगायची, आज अजून हातभर भरली. श्रावणातल्या पुनवेला दुपारी पाणी आलं, पण काकींच्या उंबऱ्याच्या खाली राहिलं. त्या दिवशी बाईंनी नारळीभात केला आणि आमच्या घरी डबा पाठवला.

त्याच पुनवेनंतरच्या चतुर्थीला सकाळी काकी बांधावर गेल्या त्या आल्या नाहीत. आदल्या दिवशी डोंगरात मोठा पाऊस झाला होता, आतलं पाणी बाहेर पडायला धडपडत होतं, आणि बाहेरचं आत. दुपारी बाई आमच्या दारात आल्या. त्यांनी फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं. आम्ही बांधावर गेलो तर नवी भरलेली माती जाऊन खांड होती त्याच्या दुप्पट झाली होती. काठावर फावडं उभं रोवलेलं होतं. बाकी काही नाही.

अग्निशमनची माणसं आली, कोळ्यांच्या दोन होड्या आल्या. सगळे अंधार पडेपर्यंत शोधत होते. दुसऱ्या दिवशी सकाळची ओहोटी साधून पुन्हा शोध घ्यायचा ठरला, आणि तेव्हा इमारतीतून माणसं उतरायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या भरतीला तळमजल्यावर कंबरभर पाणी आलं होतं, लिफ्ट बंद होती, कदाचित त्यानेही असेल. पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ आले. शिफ्टवाला रजा टाकून आला. अर्जवाला आला. जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी होतं. चिखलात पाय घालत, एकमेकांचा हात धरत, आम्ही बांधावर एका रांगेत उभे राहिलो आणि तिवरांच्या मुळांमधे बघत राहिलो. कुणी हाका मारत होतं. 'काकी' अशी हाक, इतक्या गळ्यांतून.

काकी सापडल्या नाहीत. खाडीने त्यांना अजून परत दिलेलं नाही.

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. पाचवी तिथी. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, त्या मनातल्या मनात वेळ काढत होत्या. मग त्या म्हणाल्या, "पावणेचारला पूर्ण भरेल. आता निघायला हवं." होडीवाल्यांनीही हात हलवून तेच सांगितलं. पाणी फिरलं होतं. आमच्या पायांशी, खांडीच्या तोंडातून, ते पुन्हा आत यायला लागलं, बारीक, घाई न करता. सगळे तिथेच थबकून त्याच्याकडे बघत राहिले.

साठेक माणसं असू आम्ही. ओहोटीचे तीन तास बांधावर उभे होतो. घमेलं घेऊन कुणीच आलं नव्हतं. मीसुद्धा नाही.